वरच्या कुरणाचं फाटक

४ सप्टेंबर

चि. मिरचीस,

सप्रेम आशीर्वाद लिहिणार होतो, पण खोटं लिहिण्याचं हे वय नव्हे. सक्रोध आशीर्वाद घे. गुण तोच येतो.

या घरात माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याशिवाय न्यायालय उरलेलं नाही. माझी काठी पळवली गेली आहे. वेताची, वाकड्या मुठीची, खाली रबरी टोपण असलेली. जी हातात असली की शाळेतली पोरं मला विद्वान समजतात आणि रस्त्यावरची कुत्री निदान माणूस समजतात, ती. चोर घरातलाच आहे, राजरोस आहे आणि नात्याने तुझा बाप लागतो.

मागच्या आठवड्यात सकाळी शाळेत निघालो तर काठी खुंटीवर नाही. शोधत गोठ्यामागे गेलो, तर तुझे तीर्थरूप उलट्या बादलीवर बसून तिला रंग देत होते. टोकापासून वीतभर उंचीवर पांढरा पट्टा, गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल.

"दाजी, ही माझी काठी आहे," मी म्हणालो.

"होती," ते म्हणाले. "हात लावू नका पंडित, ओली आहे."

माझ्याच काठीला मी हात लावायचा नाही, का, तर ती ओली आहे! ताईकडे तक्रार नेली. तुझी आई म्हणजे माझी सख्खी बहीण. निदान रक्ताची बाजू घेईल असं वाटलं. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "तुला कुठे लागते काठी? तू मिरवायला घेतोस." न्यायदान संपलं.

हे पट्टे कुठून आले, हे तुला सांगायला नको. लाल पट्ट्याला गवत पोचलं की गाई आत, पांढऱ्याला उतरलं की गाई बाहेर. तू हे आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतंस की ताई झोपेत बडबडायची. तुझी स्वतःची खुणांची काठी तू जाताना गुडघ्यावर मोडून कुंपणापलीकडे भिरकावलीस. मी तेव्हा दारात उभा होतो. जो माणूस या पट्ट्यांना "थेरं" म्हणायचा तोच आता ती थेरं रंगवतो आहे, आणि तीही दुसऱ्याच्या काठीवर.

बरं, मोजा म्हटलं. रोज सकाळी काठी घेऊन चढ चढून वरच्या कुरणात जातात, मोजतात आणि परत येतात. फाटक मात्र उघडत नाहीत! गिनी गवत लाल पट्टा ओलांडून केव्हाच वर गेलं आहे. तुझी गोकर्णाची वेल त्याच्या खांद्यावर चढून निळी फुलली आहे. आणि खाली गोठ्यात गाई विकतच्या चाऱ्याकडे अशा बघतात, जसा मी ताईच्या बिनसाखरेच्या चहाकडे. मग मोजायचं तरी कशाला?

त्या कुरणाचं नाव काढलं की तू उत्तर द्यायची थांबतेस, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे युरियाच्या रिकाम्या गोण्या सापडल्या. त्या खताने गवत वेड्यासारखं माजलं आणि तुझ्या वेली त्याच्या सावलीत गुदमरल्या. तू म्हणालीस, "बाबांनी मुद्दाम केलं, मला खोटं पाडायला." ते म्हणाले, "जमीन माझी आहे." तू बॅग उचललीस आणि दूरदेशीच्या कुरणांवर संशोधन करायला निघून गेलीस. तेव्हापासून तुम्हा दोघांत एक शब्द नाही. जे शब्द तुम्ही वाचवलेत ते सगळे मला खर्च करावे लागतात.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर तू "हो मामा, बरं मामा, ठेवते मामा" म्हणतेस. पत्र असं ठेवता येत नाही. ठेवलं तरी टेबलावरून बघत राहतं.

काठीबद्दल योग्य तो निकाल दे.

तुझा निःशस्त्र
मामा

२० सप्टेंबर

चि. मिरचीस,

तुझं उत्तर पोचलं. ओळी तीन. काठीबद्दल एक शब्द नाही, ही बाब नोंदवून पुढे जातो.

तू लिहितेस, "मामा, वेलींना शेंगा धरल्यात का? धरल्या असतील तर फाटक बंदच राहू दे. शेंगा वाळून फुटल्या आणि बी खाली पडलं की मगच गाई सोडायच्या, आणि मग मात्र उशीर करायचा नाही."

मी मोठ्या ऐटीत ते दाजींना वाचून दाखवायला गेलो. पहिलं वाक्य संपायच्या आत ते म्हणाले, "शेंगा आहेत. म्हणून तर बंद आहे." म्हणजे तुम्हा बापलेकीचं आधीच एकमत, आणि मध्ये मूर्ख कोण? ज्याची काठी गेली तो. दोन वर्षं न बोलता इतकं पटतं, तर बोलायला लागलात तर घरात इतरांना तोंड उघडायची संधी मिळणार नाही.

तिसऱ्या ओळीत तू हुकूम सोडलास: "एखादी वेल खणून मुळांवरच्या गाठी फोडून बघा. आतून गुलाबी असतील तर ठीक. पांढऱ्या किंवा हिरव्या असतील तर ती नुसती शोभेची आहे." हे तू कोणाला लिहितेस, याचा विचार केलास का? मी आयुष्यात धातू खणले ते धातुपाठातले. तरी शाळेतून आल्यावर ताईचं उलथणं शर्टाच्या आत लपवून वर गेलो.

तार वाकवून कुंपणातून शिरलो. एक वेल निवडली, पाय रोवले आणि ओढली.

"ओढू नका!"

दाजी फाटकाजवळच्या दगडावर बसले होते. मला दिसलेच नव्हते. "ओढलीत की गाठी जमिनीतच राहतात. बाजूने खणा. हळू. अहो, उलथणं तव्यावर चालवतात तसं नको!"

"मग तुम्ही या की खाली आणि दाखवा."

"तुम्ही आणा इकडे."

राजासारखे बसूनच राहिले. मी मातीचा गड्डा ओंजळीत घेऊन चढलो, जसा काही दरबारात नजराणा पेश करायला. त्यांनी माती झाडली. बारीक मण्यांसारख्या गाठी होत्या. एक नखाने फोडली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत गुलाबी. अगदी वासराच्या जिभेसारखी.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"मला कान आहेत. ती गुराख्याला सांगायची तेव्हा मी गोठ्यातच असायचो."

"तेव्हा तर तुम्ही तोंड फिरवून बसायचात."

"तोंड फिरवलं होतं. कान कसे फिरवणार?"

तर गुलाबी आहेत. निकाल कळवला. उलथण्याचं एक टोक वाकलं. ताई अजून त्या विषयावर बोलते आहे. शिवाय परतताना माझी काठी न्याहाळली. तिचं रबरी टोपण एका बाजूने पार झिजलं आहे. नुसतं गवतात उभं करून मोजायच्या काठीचं टोपण झिजतं कसं? परक्याच्या वस्तूची इतकी हेळसांड मी वर्गातल्या मुलांनाही करू देत नाही.

तुझा
मामा

१२ ऑक्टोबर

चि. मिरचीस,

आज खुर्चीत नीट बसून वाच. मी रागावलो आहे, आणि या वेळी काठीवरून नाही.

तू ज्याला गोणीशेठ म्हणायचीस तो खताचा दुकानदार काल दूध घालायच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाला, "काय पंडित, वरती कुरण आहे की लग्नाचा मांडव? सगळं वेलींनी शाकारलंय. नांगरून टाका, नुसतं गवत लावा, दोन गोण्या मारा, बघा कसं हिरवंगार होतं." लोक हसले. मला तिथे उत्तर सुचलं नाही. उत्तर नेहमी घरी आल्यावर सुचतं, आणि घरी आल्यावर सुचलेलं उत्तर वाया जाऊ नये म्हणून मी त्याच्या दुकानात गेलो.

दुकान तुला आठवत असेल. दारापासून गल्ल्यापर्यंत गोण्यांची थप्पी, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. मी त्या वाटेत उभा राहून व्याख्यान दिलं. म्हटलं, गवताला लागतं नत्र. वेल ते हवेतून ओढून मुळांवरच्या गाठींत साठवते. तिची पानं, मुळं कुजली की तेच गवताला मिळतं. गाईंनाही नुसत्या गवतापेक्षा वेलीचा पाला अंगी लागतो. हा द्वंद्व समास आहे, दोन्ही पदं सारखीच महत्त्वाची. तुमचा युरिया पडला की गवत एकटंच प्रधान होऊन बसतं आणि वेल मरते. आमच्या मुलीच्या कुरणाची माती तुमच्या गोण्यांनी केली!

गोणीशेठने ऐकून घेतलं. मग स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. समासाचं मला कळत नाही, पण वेलीचं कळतं. मी नको म्हणालो होतो."

"कोणाला?"

"तुमच्या दाजींना. म्हटलं, साहेब, शेंगेचं पेरलंय तिथे युरिया कशाला? मी खत विकणारा माणूस, मी नको म्हणतोय! ऐकतात का? म्हणाले, पोरीचं कुरण पिवळट दिसतंय. शेजारचं हिरवं आहे. रस्त्याने जाणारे थांबून हसतात. एवढं शिकून आली आणि हे काय पेरलंय म्हणतात. माझ्या पोरीला कुणी हसलेलं मला चालणार नाही. आणि गोण्या स्वतः खांद्यावर टाकून वर नेल्या. मजूरसुद्धा घेतला नाही, तुम्हाला कळेल म्हणून."

मी त्या स्टुलावर बसलो. त्याने चहा मागवला. त्याच्यावर रागावायला गेलो आणि त्याचाच चहा प्यालो. पराभव याहून संपूर्ण नसतो.

तर मिरचे, ते तुला खोटं पाडायला नव्हतं. तुझी पहिल्या वर्षाची वेल अजून बाळ होती, गवत भुकेलं होतं, कुरण पिवळं दिसत होतं. तू धीर धरायला तयार होतीस. तुझ्या बापाला धीर धरवला नाही. ज्याला जेवण नकोच आहे त्याला लाडाने भरवून आजारी पाडावं, तसं त्यांनी तुझं कुरण मारलं.

घरी येऊन सरळ गोठ्यात गेलो. ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"दाजी, तिला का सांगितलं नाहीत?"

"काय?"

"गोणीशेठने सांगितलं मला."

हात थांबला. "त्याच्या तोंडात खत घालायला हवं."

"दोन वर्षं ती समजतेय की तुम्ही दुष्टपणा केलात!"

"समजू दे." पुन्हा हात फिरू लागला. "दुष्ट ठरलेलं बरं, पंडित. ती इतक्यांदा सांगत होती की वरून काही घालू नका. आणि मी काय केलं? लोक हसतील म्हणून घातलं. दुष्ट माणसाला निदान काहीतरी कळतं. मी नुसता गाढव ठरलो असतो."

आणि अजून एक. तू गेलीस तो उरलेला पावसाळा आणि गेल्या वर्षीचा, दोन्ही पावसाळे ते रोज विळा घेऊन वर जायचे. आम्हाला वाटायचं गाईंना गवत आणतात. आणायचेही. पण मुद्दा गवत आणण्याचा नव्हता, गवत खाली ठेवण्याचा होता. जमिनीत तुझ्या वेलीचं जे बी निजलेलं होतं त्याला ऊन मिळावं म्हणून. हे मला आज कळलं, विचारलं तेव्हा म्हणाले, "मग काय हौस म्हणून कापत होतो?" आज तिथे जे निळं दिसतं ते त्यांनी ओळ न् ओळ वाकून परत आणलेलं आहे. यंदा मात्र विळा खुंटीला टांगला आहे आणि हातात माझी काठी.

मी हे सगळं तुला कळवू नये अशी शपथ घातली आहे. मी ती घेताना तोंडाने "हं" म्हणालो. "हं" म्हणजे शपथ असं कुठल्याही स्मृतीत सांगितलेलं नाही.

मामा

३१ ऑक्टोबर

मिरचे,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

तुझं पत्र मिळालं. "कळलं मामा. पण हे बाबांनी मला सांगायला हवं, तुम्ही नाही." वा! एवढंच?

इकडची हकिगत ऐक. शेंगा वाळल्या. दुपारी उन्हात तडतड फुटतात. वाटेवरून ऐकू येतं. बी पडलं. म्हणजे तुझ्याच शास्त्राप्रमाणे आता गाई सोडायची वेळ, आणि उशीर करायचा नाही. गवत माझ्या छातीपर्यंत आलं आहे, खालून काडी होत चाललं आहे, काही ठिकाणी वेलींच्या अंगावर आडवं पडलं आहे. एकदा ते गच्च बसलं की खालचं बी अंधारात, आणि आपण पुन्हा दोन वर्षांपूर्वीच्या जागी.

परवा जेवताना मी विषय काढला. "दाजी, फाटक."

"तिचं कुरण आहे. ती उघडेल."

"ती समुद्रापलीकडे आहे!"

"मग येईल तेव्हा उघडेल."

"तोवर गवताची काडी होईल. गाई काय खातील?"

"गाई वाट बघतील."

"गाई बघतील," ताई म्हणाली, "मी नाही बघणार. चाऱ्याच्या गाडीवाल्याला रोज तोंड मला द्यावं लागतं."

"एकदा मी तिला न विचारता हात लावला त्या कुरणाला," ते म्हणाले. "पुन्हा नाही." आणि ताटावरून उठले. अर्धं जेवण तसंच. हल्ली बऱ्याचदा तसंच असतं.

मग काल मी ठरवलं की आपणच उघडू. घरात एक तरी सुज्ञ माणूस असावा. गुराख्याला गाई घेऊन मागून यायला सांगितलं. फाटकाला तारेची गाठ, तुझ्या तीर्थरूपांच्या हातची, म्हणजे अष्टाध्यायीतल्या सूत्रासारखी: आखूड आणि सुटायला भाष्य लागणारी. मी झटापट करत होतो. ते त्याच दगडावर बसलेले. उठले नाहीत, ओरडलेही नाहीत. मला वाटलं होतं धावून येतील. नुसतं म्हणाले, "राहू द्या, पंडित." इतक्या हळू म्हणाले की मी राहू दिलं. गाई परत नेल्या. गुराखी मला हसला, गाईही बहुधा हसल्या असतील.

आता न्यायपीठाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. ते म्हणतात, तिने उघडावं. तू म्हणतेस, त्यांनी सांगावं. तिकडे तू परक्या लोकांना सभेत उभी राहून शिकवतेस की वेल आणि गवत एकत्र वाढवायचं तर माणसाने रोज लक्ष घालावं लागतं, दोघांपैकी जो माजेल त्याला आवरावं लागतं, जो दबेल त्याला जागा करून द्यावी लागते. छापलेलं मी वाचलं आहे, तूच पाठवलं होतंस. ते घरच्यांना लागू नाही का? ज्याने तुझं कुरण मारलं त्याने ते वाकून वाकून जिवंत केलं. यापेक्षा आणखी कोणत्या भाषेत त्या माणसाने "चुकलो" म्हणायचं? मी संस्कृत, मराठी दोन्ही शिकवतो, मला तरी याहून स्पष्ट वाक्य माहीत नाही.

एक ओळ लिही त्यांना. "बाबा, फाटक उघडा." दोन शब्दांचं वाक्य आणि एक संबोधन. एवढ्याने तुझी पदवी परत घेत नाहीत.

आशीर्वाद उरले नाहीत.

मामा

७ नोव्हेंबर

मिरचे,

मागच्या पत्रात मी फार ओरडलो. ओरडत होतो कारण दुसरं काही लिहायचं टाळत होतो. आज ते लिहितो.

आज सकाळी मी दाजींच्या मागून गेलो. अंतर ठेवून, कुंपणाच्या बाजूने. चढ तुला माहीत आहे. तू लहानपणी तो पळत चढायचीस आणि ते तुझ्या मागे पळायचे. आज ते पाण्याच्या हौदाशी थांबले आणि हौदाला धरून उभे राहिले. पुढे कडुनिंबाखाली थांबले. वाकून शेण बघतायत असं मला इतके दिवस वाटायचं. ते शेण बघत नाहीत. श्वास घेतात. काठीच्या मुठीवर दोन्ही हात, हातांवर कपाळ.

काठी मोजायला नेली नव्हती. ते तिच्यावर भार टाकून चालतात. आम्हाला कळू नये म्हणून तिला पट्टे रंगवले. टोपण त्याने झिजलं. विळा खुंटीला त्यासाठी टांगला. दगडावरून उठत नाहीत ते रुबाब म्हणून नाही.

ताईला माहीत होतं. म्हणूनच मला म्हणाली, तुला कुठे लागते काठी. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी त्यांना तिथेच गाठलं. डॉक्टरकडे चला म्हटलं. आधी म्हणाले, "गाईंचा येतो तो पुरे." मग मी जागचा हललो नाही, तेव्हा म्हणाले, "तिचं कुरण एकदा मोकळं होऊ दे, मग जातो." मी म्हटलं, मीच लिहितो तिला तुमच्या तब्येतीचं. म्हणाले, "लिहू नका. ती दयेने येईल. मला ती कुरणासाठी यायला हवी आहे."

मी या वेळी "हं"सुद्धा म्हणालो नाही.

गवताचं मला काही वाटत नाही. गवत पुन्हा येतं, तुझी गोकर्णही पुन्हा आली. काठीही मला नको, त्यांच्याकडेच राहू दे. मी नवं रबरी टोपण आणून बसवलं आहे. त्यांनी ते एकदा जमिनीवर टेकवून पाहिलं.

उद्या सकाळीही ते वर जातील, परवाही जातील आणि तुझी वाट बघत त्या दगडावर बसतील. मला भीती वाटते की तू फाटकाशी येशील आणि दगडावर कुणी नसेल.

मामा